केस कशाने जातात, कशाने येतात

नळदुर्गच्या एका घरी आम्ही गेलो होतो ते वेगळ्याच कामासाठी. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग घरच्या भाभींनी आतल्या खोलीतून प्लास्टिकची एक टोपली आणून आमच्यापुढे ठेवली. टोपलीत बाटल्याच बाटल्या. कांद्याचे तेल, भृंगराजाचे तेल, कुठल्याशा जडीबुटीचे काळपट तेल, दोन शाम्पू, बायोटिनच्या गोळ्यांचा डबा आणि लेबल नसलेली एक बाटली. ती उरुसात रस्त्याकडेला बसलेल्या एका माणसाकडून घेतलेली.

"दोघांचेही केस चाललेत आपा," भाभी म्हणाल्या. "मुलाचं एक वेळ चालून जातं. पण हिचं काय? पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत."

मुलगा चोवीस वर्षांचा, मुलगी एकोणीस. मुलाच्या कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले होते, तसेच जसे त्याच्या अब्बांचे आणि मामूंचे सरकले. मुलीची गोष्ट निराळी होती. तिला तीन महिन्यांपूर्वी डेंग्यू झाला होता. आता कंगवा फिरवला की मूठभर केस हातात येत होते. भाऊ-बहीण एकाच टोपलीतले तेल लावत होते आणि दोघांपैकी कुणीही अजून स्किनच्या डॉक्टरला डोके दाखवले नव्हते.

या लेखात आम्हाला जे सांगायचे आहे ते त्या टोपलीतच होते. केस गळणे हा एक आजार नाही. त्याची कारणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचे औषध वेगळे. बहिणीचे केस बहुधा काहीही न लावता परत येणार होते. भावाचे केस तेलाच्या शंभर बाटल्यांनीही येणार नव्हते, पण वेळेत योग्य औषध सुरू केले तर उरलेले टिकण्याची चांगली शक्यता होती.

माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग थांबतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगी माणसाचेही असते. वाढ महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर. कोणत्याही इलाजाचा निकाल पंधरा दिवसांत का दिसत नाही, ते या हिशेबातच आहे. आणि केसांच्या मुळांची संख्या जन्मतःच ठरलेली असते. अकीक्यात बाळाचे डोके उतरवणे ही सुन्नत आहे, ती जरूर पाळावी, पण नंतर मुलाचे केस दाट यावेत म्हणून दर वर्षी वस्तरा फिरवण्याने एकही केस वाढत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून तो जाड वाटतो इतकेच.

मुलीकडे येऊ. मोठा ताप, डेंग्यू, चिकुनगुनिया, टायफॉइड, कोविड, ऑपरेशन, बाळंतपण किंवा घाईघाईने वजन उतरवणे, यांपैकी काहीही झाले की शरीर एकाच वेळी पुष्कळ केसांना विश्रांतीला पाठवते. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर ताप विसरला गेलेला असतो आणि दोष जातो शाम्पूवर, नजरेवर किंवा पाण्यावर. बाळंतिणीचे केस बाळ तीन-चार महिन्यांचे झाले की गळू लागतात आणि सासरी कुणीतरी म्हणते, बाळ हसायला लागले की आईचे केस जातात. निरीक्षण खरे आहे, बाळाच्या हसण्याचा दोष मात्र नाही. अशी गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप थांबते आणि केस परततात. तेवढ्या काळात जो कुणी तेल विकेल, त्याला श्रेय मिळते. बाजारातल्या कितीतरी 'शंभर टक्के गुण' सांगणाऱ्या तेलांची कमाई याच केसांवर चालते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाण्याबद्दल आपल्या जिल्ह्यात फार बोलले जाते. धाराशिव, कळंब, भूम, परंडा, कुठेही विचारा, "बोअरच्या पाण्याने केस गेले" हे उत्तर मिळेल. जड पाण्याने केस राठ होतात, साबणाचा फेस होत नाही, केस मधूनच तुटतात, हे खरे. पण जड पाण्याने मुळासकट टक्कल पडते याला भक्कम पुरावा नाही. टँकरचे पाणी बदलण्याआधी रक्त तपासून घेतलेले बरे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. लोह कमी असले की केस पातळ होतात. आपल्या घरांत सर्वांना वाढून झाल्यावर जेवणारी बाई आणि जेवणावर लगेच चहा, या दोन सवयी लोहाच्या मुळावर येतात. चहा तासाभराने घ्यावा आणि डाळ-भाजीवर लिंबू पिळावे. खिम्याचा वाटा मुलांइतकाच मुलींच्या ताटातही पडावा. थायरॉईडची तपासणीही करून घ्यावी. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील आणि भांग रुंद होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे. अशा वेळी केस हे फक्त वरचे लक्षण असते.

'हिजाबमुळे केस गळतात का', हा प्रश्न मुली आम्हाला दबक्या आवाजात विचारतात. कापडाने केस गळत नाहीत. गळतात ते ओढल्याने. ओले केस घट्ट अंबाड्यात बांधून वर स्कार्फ आवळला आणि दिवसभर तसेच ठेवले, तर कपाळाच्या कडेचे आणि कानांजवळचे केस ताणाने उखडतात. सुरुवातीला ते परत येतात, वर्षानुवर्षे चालू राहिले तर मूळच मरते. केस वाळवून, सैल वेणी घालून, आत सुती टोपी आणि वर ओढणी, एवढे पुरते. घरी आल्यावर केस मोकळे सोडावेत. कोंडा आणि खाज असेल तर तेल थापणे थांबवून डॉक्टरांनी सांगितलेला औषधी शाम्पू वापरावा. आपल्याकडे उलटे होते, कोंडा झाला की आणखी तेल.

आता त्या बायोटिनच्या डब्याबद्दल. नीट जेवणाऱ्या माणसात बायोटिनची कमतरता क्वचित असते. शिवाय बायोटिनचा जादा डोस घेतलेला असताना थायरॉईडची आणि हृदयविकाराच्या झटक्याची रक्ततपासणी चुकीचे आकडे दाखवू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्येच हा इशारा दिला आहे. रक्त देण्याआधी डॉक्टरांना या गोळ्यांबद्दल सांगावे.

बुलढाण्यात काय झाले

गोळ्यांवरून आठवले म्हणून इथे थोडे थांबून आपल्याच राज्यातली एक घटना सांगतो. २०२४ चा डिसेंबर संपत असताना बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे डोके खाजू लागले. मग केस नुसते ओढले तरी हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडले. बाया, मुले, म्हातारे, कुणीच सुटले नाही. आधी शाम्पूवर संशय गेला, मग बुरशीवर, मग पाण्यावर. पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले, पण त्याने असे टक्कल पडत नाही. दिल्लीहून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. त्या दिवसांच्या बातम्यांत आणखी एक गोष्ट होती, जी आम्हाला आजाराहून जास्त लागली. या गावच्या लोकांना न्हावी खुर्चीवर बसू देईनात, आणि सोयरिकी अडकल्या.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव विंचूदंशावरील कामामुळे खेड्यापाड्यांत माहीत आहे. ते स्वतः या गावांत गेले. त्यांच्या अहवालात १८ गावांतील २७९ रुग्णांची नोंद आहे. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले, तर सेलेनियम नावाचे खनिज रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट जास्त निघाले. जस्त मात्र कमी होते. रेशनच्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम सापडले. चालते ते १.९ पर्यंत. हा गहू उत्तरेकडच्या सेलेनियमयुक्त जमिनीतून आला, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे एप्रिलमध्ये काहींची नखेही गळाली.

गंमत अशी की सेलेनियम हे 'केसांच्या गोळ्यां'च्या डब्यावर मोठ्या अक्षरात छापलेले असते. थोडे लागते हे खरे, जास्त झाले की तेच केस घालवते. २००८ मध्ये अमेरिकेत पोषणाचे एक पेय बनवताना त्यात सेलेनियम लेबलवरच्या आकड्याच्या दोनशे पट पडले. दहा राज्यांत २०१ माणसे आजारी झाली आणि त्यांच्यातल्या बहुतेकांचे केस गेले. डॉक्टरांनी कमतरता दाखवल्याशिवाय असल्या गोळ्या महिनोन् महिने खाऊ नयेत, ते यासाठी.

चाई, नायटा आणि मशिदीतली टोपी

डोक्यावर किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडतो, त्याला आपण चाई म्हणतो. लोक म्हणतात झुरळ फिरले, कुणी म्हणते करणी झाली. यातले काही नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते. चाई शिवल्याने लागत नाही, तिच्यामुळे कुणाला वेगळे बसवू नये. एखाद-दुसरा चट्टा बऱ्याचदा वर्षभरात स्वतःहून भरतो. डॉक्टर चट्ट्यात स्टिरॉइडची बारीक इंजेक्शने देतात, त्याने लवकर भरतो. कांद्याच्या रसाची बढाई उगीच नाही. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाईच्या मोजक्या रुग्णांवर कांद्याचा रस लावून पाहिला आणि नुसते पाणी लावलेल्यांपेक्षा बऱ्याच जास्त जणांचे केस आले. पण अभ्यास लहान होता आणि चाईपुरता होता. अनुवंशिक टकलावर कांदा चालतो, असा त्याचा अर्थ नाही. लसूण किंवा गुंजेचा लेप मात्र लावू नये. लसणाने कातडी भाजते आणि गुंज तर विषारी बी आहे.

चाई पसरून सगळे डोके, भुवया, पापण्या गेल्या तर आता नवी औषधे आली आहेत. बॅरिसिटिनिबला अमेरिकेत २०२२ मध्ये यासाठी मान्यता मिळाली. ही औषधे प्रतिकारशक्ती दाबतात. आपल्याकडे टीबी घरोघर लपलेला असतो, म्हणून छातीचा एक्स-रे आणि तपासण्या झाल्याशिवाय ती घेऊ नयेत. केमिस्टकडून परस्पर तर नाहीच.

मुलांच्या डोक्यात खवल्यांचा चट्टा असेल, केस मधूनच तुटलेले असतील, कधी पू भरलेला मऊ फोड असेल, तर तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशी. हा मात्र लागतो. घरातल्या एकाच कंगव्यातून लागतो, न्हाव्याच्या मशिनमधून लागतो आणि मशिदीच्या दाराशी टोपलीत ठेवलेल्या त्या सामायिक टोप्यांतूनही लागू शकतो. टोपी ठेवणाऱ्याचा हेतू नेक असतो, पण त्या टोप्या शेवटच्या कधी धुतल्या, हे मुतवल्लींना विचारून पाहा. मुलाला खिशात स्वतःची टोपी द्यावी. या नायट्याला वरून लावायचे मलम पुरत नाही, पोटातून काही आठवडे गोळी घ्यावी लागते. दुकानातून मिळणारे 'खाज-खरूज-नायटा' सगळ्यावर चालणारे स्टिरॉइडमिश्रित मलम लावले तर आठवडाभर आराम वाटतो आणि आत बुरशी फोफावते. उशीर झाला तर तिथले केस कायमचे जाऊ शकतात.

जिथली कातडी चकचकीत झाली आहे आणि केसांची छिद्रेच दिसत नाहीत, जिथे जळजळ आणि वेदना आहे, तिथे एक महिनाही थांबू नये. असल्या आजारांत मूळ जळून जाते आणि गेलेला केस परत येत नाही. उरलेला वाचवता येतो, एवढेच.

मुलाचे काय

कपाळाचे कोपरे, मग टाळू, असे वर्षानुवर्षे विरळ होत जाणे हे अनुवंशिक. पन्नाशीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांत ते दिसते. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारे डीएचटी नावाचे संप्रेरक काही मुळांना हळूहळू बारीक करत नेते. वारसा वडिलांकडूनही येतो आणि आईकडूनही. स्त्रियांतही हा प्रकार असतो, त्यांचा भांग रुंदावतो. आजार म्हणून यात काही बिघडलेले नसते, त्यामुळे काहीच इलाज न करणे हाही एक चांगला निर्णय आहे. केस बारीक कापून दाढी नीट ठेवलेला माणूस आम्हाला तरी वाईट दिसलेला नाही.

इलाज करायचाच असेल तर पुरावा असलेली औषधे दोनच. पहिले मिनॉक्सिडिल. हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, म्हणून ते डोक्यावर लावून पाहिले गेले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलासाठी मान्य झाले. पुरुषांसाठी पाच टक्क्यांचे, एक मिलिलिटर, दिवसातून दोनदा, केसांना नव्हे तर कोरड्या कातडीला. लावल्यावर चारेक तास डोके धुवायचे नाही. आमचा सल्ला असा की इशानंतर झोपण्याआधी आणि फजरनंतर लावावे, म्हणजे वुजूच्या मसहची अडचण येत नाही. पहिल्या दीड-दोन महिन्यांत गळती वाढते. इथेच निम्मे लोक बाटली फेकतात. ती वाढ म्हणजे जुने केस नव्यांना जागा देत असतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की मिळवलेले काही महिन्यांत जाते. म्हणजे हा इलाज संपत नाही, हे खर्चाचा विचार करताना आधीच ध्यानात घ्यावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी लावू नये. लावून लगेच तान्ह्या बाळाला उराशी घेऊ नये, बाळाच्या अंगावर केस वाढल्याच्या नोंदी आहेत. घरात मांजर असेल तर बाटली झाकून ठेवावी, मांजरासाठी हे विष आहे. हेच औषध आता कमी मात्रेत गोळीतूनही देतात, पण ते रक्तदाब आणि हृदय तपासूनच.

दुसरे फिनास्टेराईड, एक मिलिग्रॅमची रोजची गोळी. १९९७ पासून ती पुरुषांच्या टकलावर मान्य आहे. ती डीएचटी कमी करते आणि गळती थांबवण्यात चांगली आहे. पण काही पुरुषांत कामेच्छा कमी होते, काहींना उदासी येते. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी आत्महत्येचे विचार हा तिचा दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. मुलगा गोळी सुरू केल्यापासून गप्प-गप्प राहू लागला, तर घरच्यांनी ते अंगावर काढू नये. गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे. नुकते लग्न झालेल्यांनी ही गोष्ट बायकोपासून लपवू नये. गरोदर बाईने तुटलेली गोळी हातातही घेऊ नये, पोटातल्या मुलाच्या वाढीला धोका असतो. गोळी घेत असताना आणि बंद केल्यावर महिनाभर रक्तदान करायचे नाही.

रक्त काढून, मशिनमध्ये फिरवून त्यातला वरचा भाग डोक्यात टोचणे याला पीआरपी म्हणतात. काहींना थोडा फायदा होतो, अभ्यासांचे निकाल एकसारखे नाहीत. आम्ही स्वतः यासाठी कर्ज काढायला सांगणार नाही.

उरले केसांचे प्रत्यारोपण. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस डीएचटीला दाद देत नाहीत. तेच उपटून पुढे लावतात. नवा केस निर्माण होत नाही, जागा बदलते. म्हणून मागे साठा किती आहे, हे आधी पाहिले जाते. विशीतल्या मुलाने घाई केली तर पुढचे लावलेले केस राहतात, मधले जातात आणि डोके विचित्र दिसू लागते. ही शस्त्रक्रिया आहे, सलूनमधली सेवा नाही. मार्च २०१९ मध्ये मुंबईत ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाला एका बैठकीत नऊ हजारांहून अधिक केसमुळे लावण्यात आली आणि दोन-तीन दिवसांत त्याचा मृत्यू झाला. कानपूरमध्ये एका दंतवैद्यकाच्या पदवीधारकाच्या क्लिनिकमध्ये केस लावून घेतलेले दोन तरुण इंजिनियर दगावल्याचे २०२५ मध्ये उघड झाले. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की हे काम त्वचारोग किंवा प्लास्टिक सर्जरी यांसारख्या शाखेत रीतसर शिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करावे. व्हिडिओ पाहून किंवा कार्यशाळेत बसून ते शिकता येत नाही. सोलापूर, पुणे किंवा हैदराबादला जाण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. सुरी आणि सुई नेमकी कोण धरणार, भूल देताना काही झाले तर सोय काय, आणि एका दिवसात किती केस. उत्तर देताना समोरचा हप्त्यांकडे वळला, तर उठून यावे.

जाहिरातींविषयी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. आपल्या देशाच्या औषधविषयक नियमांत एक यादी आहे, जिच्यातले आजार बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधाला करता येत नाही. त्या यादीत टक्कल आहे. म्हणजे 'टकलावर हमखास' असे लिहिलेली बाटली तिथेच नियम मोडते. मार्च २०२५ मध्ये पंजाबच्या संगरूरला टकलावरच्या तेलाचे शिबिर झाले. तेल लावलेल्या साठहून अधिक माणसांना डोळ्यांची आग होत असल्याने रुग्णालय गाठावे लागले.

कीमो घेणाऱ्या भगिनी

आपल्या जिल्ह्यातून शेजारच्या बार्शीला, नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात, पुष्कळ घरांतल्या बाया जातात. कीमोने केस जाणार हे कळल्यावर उपचारच नको म्हणणाऱ्या बाया आम्हाला भेटल्या आहेत. हे केस परत येतात. शेवटच्या कीमोनंतर साधारण महिन्या-दोन महिन्यांत लव दिसू लागते, सहा महिन्यांत डोके भरू लागते, कधी आधीपेक्षा कुरळे. त्या काळात ओढणी आहेच. घरातल्या लहान मुलांना आधी सांगून ठेवावे, म्हणजे आईला पाहून ती घाबरणार नाहीत.

दीनचे प्रश्न

बुखारी शरीफमध्ये तीन माणसांची एक कथा आहे. एक कोडी, एक टकला, एक आंधळा. फरिश्ता येऊन टकल्याला विचारतो, तुला काय हवे? तो चांगले केस मागतो आणि लोकांनी त्याला ज्यामुळे दूर ठेवले ते जावे, असे म्हणतो. त्याला केस मिळतात. तिघांची कसोटी पुढे आहे आणि त्यात तो टिकत नाही, पण केस मागितल्याबद्दल त्याला दोष दिलेला नाही. इलाज करणे हे तकदीरविरुद्ध आहे असे म्हणणाऱ्या बुजुर्गांना आम्ही ही कथा आदराने आठवून देतो.

दुसरी एक हदीस मात्र थेट आपल्या मुलींशी बोलते. अन्सारांपैकी एका मुलीचे निकाहाच्या सुमारास आजाराने केस गेले. घरच्यांनी दुसरे केस जोडण्याची परवानगी मागितली आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नकार दिला. म्हणून माणसाच्या केसांचे विग आणि गंगावन याबद्दल उलेमा कडक आहेत. हनफी उलेमा लोकर, रेशीम किंवा कृत्रिम धाग्याच्या केसांना मुभा देतात. स्वतःचेच केस काढून स्वतःच्या डोक्यावर लावणे हा मात्र इलाज मानला जातो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील बैठकीत गळलेल्या केसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, प्रत्यारोपणाला परवानगी दिली. गोंदाने चिकटवलेल्या पॅचखाली गुस्लचे पाणी पोहोचत नाही, तो प्रश्न आपल्या मुफ्तींना विचारूनच पैसे भरावेत. मिनॉक्सिडिलच्या बाटलीत बहुधा अल्कोहोल असते. बाहेरून लावायच्या औषधाबाबत अनेक उलेमा सवलत देतात, आणि ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांच्यासाठी अल्कोहोलविरहित प्रकारही मिळतो. प्रत्यारोपणानंतर उमराहला जायचे असेल तर डॉक्टरांना तारीख आधीच सांगावी. ताज्या जखमांवर वस्तरा चालणार नाही, आणि हलकच्या जागी कस्रची मुभा आहेच.

रिश्त्याच्या बैठकीत काय सांगावे, हा भाभींचा खरा प्रश्न होता. आम्ही म्हटले, खरे सांगा. डेंग्यू झाला, केस गळताहेत, डॉक्टर म्हणतात परत येतील. जे घर एवढ्यावरून उठून जाईल, ते पहिल्या बाळंतपणानंतर काय म्हणेल, याचाही विचार करा. भाभी काही बोलल्या नाहीत, पण मुलीने पहिल्यांदा वर पाहिले.

मग आम्ही मुद्द्याचे बोललो. धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, उमरगा-नळदुर्गकडच्यांना सोलापूरचे सिव्हिल जवळ, कळंबकडच्यांना लातूर. स्किनच्या ओपीडीत केस पेपर काढायचा. जाण्याच्या दिवशी डोक्याला तेल लावायचे नाही, नाहीतर कातडी दिसत नाही. गेल्या सहा महिन्यांत कुठला ताप आला, कुठल्या गोळ्या चालू आहेत, पाळी कशी आहे, वजन किती उतरले, हे कागदावर लिहून न्यायचे. दोन वर्षांपूर्वीचा एखादा फोटो मोबाईलमध्ये असला तर डॉक्टरांना फार उपयोगी पडतो. आणि ती टोपली, आम्ही म्हटले, सगळीच्या सगळी पिशवीत घालून सोबत न्या. कुठल्या बाटलीत काय आहे ते डॉक्टरांनाच पाहू दे.

भाभींनी बाटल्या पिशवीत भरायला घेतल्या. लेबल नसलेली ती एक मुलाने आधीच उचलून मोरीत ओतली होती.